गाणाऱ्याचा चेहरा

आपल्याकडे गाणं पाहायची सवय जुनी आहे. गाणाऱ्याला त्याच्याच गाण्यात पाहायची सवय मात्र मध्ये सुटली आणि फार उशिरा परत लागली. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या गळ्यानं गायले, कारण दुसरा मार्गच नव्हता. वादक चौकटीच्या बाहेर बसायचे आणि गाणं, अभिनय, साथ सगळं एका दमात टिपलं जायचं. तीनच वर्षांनी, १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘भाग्यचक्र’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती असलेल्या ‘धूप छाँव’मध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर त्याला ओठ जुळवण्याची पद्धत आणली. तिथून आवाज आणि चेहरा यांची फारकत सुरू झाली. आशाबाईंचा चेहरा आपण मासिकांच्या मुखपृष्ठांवर पाहिला, कार्यक्रमांच्या मंचावर पाहिला. त्यांच्या गाण्यांत मात्र हेलन दिसली, झीनत अमान दिसली. ते चित्रीकरण अनेकदा अप्रतिम असायचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणं ज्याच्या गळ्यातून आलं तो माणूस त्या गाण्याच्या चित्रात नसतो, हे आपण साठ वर्षं गृहीत धरून चाललो.

म्युझिक व्हिडिओनं या गृहीताला धक्का दिला, म्हणून त्याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. हा प्रकार जन्मला तो गाणं खपवण्यासाठी. रेकॉर्ड विकायची, मग कॅसेट, मग सीडी, आणि आता जाहिरातदाराला लोकांच्या नजरा विकायच्या. ‘ही तर जाहिरातच’ असं म्हणून अनेक जाणकारांनी त्याला बाजूला सारलं. जाहिरात आहेच, पण तिच्या आडून एक मोठा प्रश्न शंभरेक वर्षं सोडवला जातो आहे. गाणाऱ्यांपैकी कोण लोकांच्या नजरेला पडणार, आणि ते कोण ठरवणार? यंत्र बदललं, पडदा बदलला, पैसे मोजणारा बदलला, की या प्रश्नाचं उत्तरही बदलत गेलं. पुढच्या पानांतली सगळी प्रकरणं याच एका धाग्यात ओवलेली आहेत, म्हणून तो इथे आधीच हाती देते.

सुरुवात सिनेमाच्याही आधीची आहे. १८९४ मध्ये न्यू यॉर्कचे एडवर्ड मार्क्स आणि जोसेफ स्टर्न या दोघांनी ‘द लिट्ल लॉस्ट चाइल्ड’ नावाचं गाणं प्रसिद्ध केलं. एक बटणं विकायचा, दुसरा नेकटाय. म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या गळी कसा उतरवायचा हे दोघांनाही पक्कं ठाऊक. त्यांनी नट उभे करून गाण्यातल्या प्रसंगांचे फोटो काढले, काचेवर उतरवून हातानं रंगवले आणि रंगमंचावर गायक गात असताना मॅजिक लँटर्ननं पाठीमागे दाखवले. लोक रडले आणि बाहेर पडताना गाण्याची छापील स्वरलिपी विकत घेऊन गेले. गाणं, चित्र आणि विक्री हे त्रिकूट तेव्हापासून एकत्र आहे.

बोलपट आल्यावर वॉर्नर कंपनीच्या व्हिटाफोन लघुपटांतून गायक-वादक पडद्यावर आले. १९२९ साली बेसी स्मिथ या थोर ब्लूज गायिकेवर ‘सेंट लुईस ब्लूज’ हा छोटा चित्रपट निघाला. बेसीचं चालतंबोलतं चित्रण एवढंच शिल्लक आहे. त्या पंधरा-सोळा मिनिटांसाठी कॅमेरा तिच्यासमोर लागला नसता तर ती गाताना कशी दिसायची हे आज कुणालाच सांगता आलं नसतं.

पण खरी थांबून पाहावी अशी गोष्ट १९४० नंतरची, साउंडीजची. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं पॅनोरम नावाचं एक यंत्र बाजारात आणलं. दिसायला मोठ्या लाकडी कपाटासारखं. आत सोळा मिलीमीटरचा प्रोजेक्टर, फिल्मची दोन्ही टोकं जोडून केलेला अखंड फेरा आणि आरसे. प्रोजेक्टरचा झोत आरशांवरून वळत वर जायचा आणि कपाटाच्या दर्शनी काचेवर मागच्या बाजूनं पडायचा. आरशात उजव्याचं डावं होतं, म्हणून साउंडीजच्या प्रती मुद्दाम उलट्या छापाव्या लागत. दहा सेंटचं नाणं टाकलं की तीनेक मिनिटांचं एक गाणं दिसायचं. फेऱ्यावर आठ गाणी असत आणि निवड करायची सोय नव्हती. जे पुढे असेल ते पाहायचं, आवडीचं हवं असेल तर नाणी टाकत राहायचं. दारूचे गुत्ते, रेल्वे स्टेशनं, उपाहारगृहं अशा ठिकाणी ही कपाटं उभी राहिली. युद्धामुळे कच्चा माल मिळेना आणि नवी यंत्रं बनणं थांबलं, तरी १९४७ पर्यंत १८०० च्या आसपास साउंडीज तयार झाल्या.

त्यांत ड्यूक एलिंग्टन आहेत, फॅट्स वॉलर आहेत, लुई जॉर्डन आहेत, तरुण डोरोथी डँड्रिज आहे. त्याच काळात हॉलिवूडच्या मोठ्या संगीतपटांत लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं कथेपासून मुद्दाम सुटं ठेवलं जायचं, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत चित्रपट दाखवताना ते कापून काढता यावं. चित्रपटगृहाच्या पडद्यावर ज्यांना कात्री लागत होती, ते कलावंत गुत्त्यातल्या कपाटात मोठ्या संख्येनं दिसत होते. साउंडीजही पूर्वग्रहांपासून मोकळ्या नव्हत्या, कित्येकींत काळ्या माणसाचं ठरीव, ओंगळ सोंग आहेच. तरीही त्या काळच्या कृष्णवर्णीय संगीताचा दिसणारा पुरावा एवढ्या प्रमाणात दुसरीकडे सापडणं कठीण.

फ्रान्समध्ये १९६० साली स्कोपिटोन आलं. हे पुढचं पाऊल होतं. रंगीत चित्र, चुंबकीय ध्वनिपट्टी आणि ३६ गाण्यांतून हवं ते निवडायची सोय. पुढे नावाजलेला दिग्दर्शक क्लोद ललूश यानं उमेदवारीच्या काळात स्कोपिटोनसाठी गाणी चित्रित केली. काही वर्षांत टीव्ही घराघरांत पोचला आणि फ्रेंच तरुणांना कॅफेतल्या यंत्राची गरज उरली नाही. पण ज्या कॅफेंत अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आलेले कामगार संध्याकाळी जमत, तिथे ही यंत्रं पुढेही चालत राहिली. त्यांच्यासाठी अरबी आणि कबाइल भाषांतली गाणी चित्रित होऊ लागली. फ्रेंच टीव्हीवर ज्या भाषेला जागा नव्हती ती भाषा या यंत्रावर गात होती. मुख्य बाजारानं टाकून दिलेलं यंत्र कडेच्या माणसाच्या हाती पडतं आणि तिथे त्याचं सोनं होतं, हे आपल्याला पुढे महाराष्ट्रातही दिसणार आहे.

१९६४ नंतरचा इतिहास अनेकदा सांगून झालेला आहे, तो मी भराभर सांगते. रिचर्ड लेस्टरच्या ‘अ हार्ड डेज नाइट’नं बीटल्सची गाणी कॅमेऱ्याच्या धावपळीत मांडली. डी. ए. पेनबेकरच्या माहितीपटाच्या सुरुवातीला बॉब डिलन लंडनमधल्या एका बोळात उभा राहून शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून टाकत जातो आणि ओठसुद्धा हलवत नाही. १९६५ च्या अखेरीस बीटल्सनी स्वतः टीव्ही कार्यक्रमांत जाण्याऐवजी चित्रफिती पाठवायला सुरुवात केली. १९७५ च्या अखेरीस क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी ब्रूस गॉवर्सनं एल्स्ट्रीमध्ये व्हिडिओटेपवर अवघ्या काही तासांत चित्रीकरण उरकलं. एवढं गुंतागुंतीचं गाणं टीव्हीच्या स्टुडिओत नुसते ओठ हलवून सादर करणं मंडळींना नको होतं. गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि रेकॉर्ड कंपन्यांना या खर्चाचं गणित पटलं.

१ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्रीनंतर लगेच एमटीव्ही सुरू झालं. पहिलं गाणं बगल्स या जोडीचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’, दोन वर्षांपूर्वी रसेल मुलकाहीनं दिग्दर्शित केलेलं. मॅनहटनच्या केबलवर ही वाहिनी नव्हती. म्हणून ती उभी करणाऱ्या मंडळींना स्वतःचं पहिलं प्रक्षेपण पाहायला नदी ओलांडून न्यू जर्सीत जावं लागलं. दिवसाचे चोवीस तास भरायचे तर चित्रफिती हव्यात, आणि त्या तेव्हा मुख्यतः ब्रिटिश गटांकडे होत्या. अमेरिकी रेडिओ ज्यांना विचारत नव्हता असे ड्युरान ड्युरानसारखे गट श्रीलंकेत जाऊन चित्रीकरण करून आले आणि अमेरिकेत घरोघरी पोचले. वाहिनीला हा माल फुकट मिळत होता. व्हिडिओचा खर्च रेकॉर्ड कंपनी करी आणि पुष्कळदा तो कलावंताच्याच मिळकतीतून वळता करून घेई.

याच वाहिनीनं सुरुवातीची दोन वर्षं कृष्णवर्णीय कलावंतांना जवळजवळ दाराबाहेर ठेवलं. ‘आम्ही रॉकची वाहिनी आहोत’ असं कारण दिलं जायचं. रिक जेम्स जाहीरपणे बोलला. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीनं एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीच्या मध्यात उलट प्रश्न केला, की तुमच्याकडे काळे कलावंत इतके कमी का दिसतात. गोरा, यशस्वी आणि वाहिनीला हवाहवासा कलावंत त्यांच्याच स्टुडिओत बसून हे विचारतो, याला मी फार मान देते. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागलं, मग ‘बीट इट’, आणि २ डिसेंबरला जॉन लँडिसनं दिग्दर्शित केलेलं जवळजवळ १४ मिनिटांचं ‘थ्रिलर’. ‘थ्रिलर’ला एवढा पैसा लागणार होता की रेकॉर्ड कंपनी मागे सरली, मग ‘थ्रिलर कसं बनलं’ याचा माहितीपट काढून त्याचे हक्क वाहिन्यांना विकण्यात आले आणि खर्च भागला. वाहिनीनं ज्या तऱ्हेच्या कलावंताला दूर ठेवलं होतं, त्याच्याच जोरावर ती मोठी झाली. २००९ मध्ये ‘थ्रिलर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झालं. तो मान मिळवणारा तो पहिलाच म्युझिक व्हिडिओ.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण या माध्यमाला नावं ठेवणारे तिकडे बहुधा पाहतच नाहीत. चित्रीकरणाच्या जागी गाणं मोठ्या स्पीकरवर लावतात आणि गायक त्याला ओठ जुळवतो, एवढं सर्वांना माहीत असतं. पण समजा गायक पाण्यात चालल्यासारखा संथ दिसायला हवा आणि ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवेत. तेव्हा गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, गायक त्या घाईत ओठ हलवतो आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटी टिपतो. नेहमीच्या वेगानं दाखवलं की हात, केस, कपडे तरंगतात आणि शब्द जागच्या जागी राहतात. १९८३ मध्ये पोलिस या गटाच्या ‘रॅप्ड अराउंड युअर फिंगर’साठी गॉडली आणि क्रेम या जोडीनं ही युक्ती वापरली. शेकडो मेणबत्त्यांमधून स्टिंग हळूच सरकतो तेव्हा प्रत्यक्षात तो धावपळ करत होता. २००२ मध्ये कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’साठी ख्रिस मार्टिननं अख्खं गाणं उलट म्हणायला शिकून घेतलं, कारण दृश्य उलट फिरणार होतं आणि शब्द सुलट यायला हवे होते. पीटर गॅब्रिएल ‘स्लेजहॅमर’साठी १६ तास काचेखाली पडून राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर फळं, भाज्या, ढग एकेक चौकट करत सरकवले गेले.

माझ्या मते या कलेचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे मिशेल गोंद्रीनं १९९७ मध्ये दाफ्त पंक या फ्रेंच जोडीसाठी केलेला ‘अराउंड द वर्ल्ड’. गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच, एकच ओळ फिरून फिरून येते. गोंद्रीनं नर्तकांच्या पाच तुकड्या केल्या आणि प्रत्येकीला गाण्यातला एकेक आवाज नेमून दिला. बेस गिटारचे स्वर चढतात-उतरतात तसे खेळाडूंच्या वेशातले नर्तक पायऱ्या चढतात-उतरतात. यांत्रिक झालेला मानवी आवाज रोबोंकडे, गिटार सांगाड्यांकडे, की-बोर्ड पोहायच्या पोशाखातल्या मुलींकडे, ड्रम मशीन पट्ट्या गुंडाळलेल्या ममींकडे. एखादं वाद्य थांबलं की ती तुकडी थांबते. नृत्य ब्लांका ली यांचं. दोन-तीनदा पाहिलं की ज्याला संगीताचं ओ की ठो कळत नाही त्यालाही रचनेतले थर वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. तबल्याची साथ नीट ऐकणाऱ्या आपल्या श्रोत्याला तर हे चटकन भावेल. एका गाण्याचं इतकं अचूक विवेचन लेख लिहून करता येणार नाही.

आणि तरीही ही चित्रं घडवणाऱ्यांची नावं एमटीव्हीच्या पडद्यावर १९९२ च्या अखेरीपर्यंत येत नव्हती. गायक, गाणं, अल्बम, कंपनी एवढंच लिहिलेलं असे. दिग्दर्शकाचं नाव येऊ लागल्यावर प्रेक्षकांना स्पाइक जोन्झ, मार्क रोमानेक, हाइप विल्यम्स, गोंद्री ही माणसं कळली. त्या आधी दशकभर ज्यांनी काम केलं त्यांतले किती जण निनावी राहिले असतील याची कल्पना करा.

भारतात चित्र वेगळं होतं. आपल्याकडे गाण्याचं चित्रीकरण सिनेमानं आधीच एका उंचीवर नेलं होतं. ‘कागज के फूल’मध्ये व्ही. के. मूर्तींनी आरशांच्या मदतीनं रिकाम्या स्टुडिओत उन्हाचा झोत उतरवला तेव्हा एमटीव्हीच्या जन्माला २२ वर्षं अवकाश होता. मुंबई दूरदर्शनवर ‘छायागीत’ आणि पुढे देशभर ‘चित्रहार’ लागायचं तेव्हा चाळीतल्या एका टीव्हीसमोर अख्खा मजला बसायचा. सिनेमाबाहेरच्या गाण्याला मात्र पडदा नव्हता. कराचीत जन्मलेल्या नाझिया हसननं १९८१ च्या ‘डिस्को दीवाने’नं उपखंडात दाखवून दिलं की सिनेमाशिवायही गाणं वेड लावू शकतं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं. सुरुवातीलाच पंडित भीमसेन जोशी, मागे धबधबा. संगीताच्या बाजूला अशोक पत्की आणि लुईस बँक्स. ते राष्ट्रीय एकात्मतेचं प्रचारगीत होतं; पण करोडो लोकांनी शास्त्रीय गायकाला गाण्याच्या चित्रात मध्यभागी पाहिलं ते तिथे.

१९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आकाशातून आलं. १९९४ मध्ये दोघांचं फिस्कटलं, स्टारनं चॅनेल व्ही काढलं, आणि १९९६ मध्ये एमटीव्ही हिंदी गाणी घेऊन परतलं. नुसत्या इंग्रजी गाण्यांवर इथलं दुकान चालणार नाही हे दोघांनाही कळून चुकलं होतं. पण सिनेमाबाहेरची हिंदी गाणी आणायची कुठून? या पोकळीत इंडिपॉप जन्मलं. १९९५ मध्ये बिद्दूच्या संगीतावर अलीशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं, दिग्दर्शन केन घोष यांचं. जगभरचे उमेदवार नाकारणारी राजकन्या आणि शेवटी मिलिंद सोमण. अलीशा तोवर सिनेमात गात होतीच. या गाण्यात ती स्वतः सिंहासनावर बसली. मग दलेर मेहंदी, लकी अली, कलोनिअल कझिन्स, शुभा मुद्गल आले. शर्ट-पँटमधली फाल्गुनी पाठक शाळकरी प्रेमाची गोष्ट गात आली. नायिकेच्या मापात न बसणाऱ्या बाया, नायकाच्या मापात न बसणारे बाप्ये गाणारे म्हणून घरोघर ओळखले जाऊ लागले. दलेरच्या गाण्यांना पाहणारे मॉडेल मुलींसाठी पाहतात अशी टीका झाली, तेव्हा १९९८ च्या ‘टुनक टुनक तुन’मध्ये पडद्यावर चार दलेर आले आणि दुसरं कुणीही नाही.

या काळातला मला सर्वांत जवळचा व्हिडिओ शुभा मुद्गल यांच्या आवाजातला ‘मन के मंजीरे’. ब्रेकथ्रू या संस्थेनं स्त्रियांवरच्या घरगुती हिंसेविरुद्ध तो काढला होता. मीता वशिष्ठ ट्रक चालवते, मागे हौद्यात बायका. मारहाणीचं नातं सोडून चाकामागे बसलेल्या गुजरातमधल्या एका स्त्रीच्या खऱ्या आयुष्यावरून ती गोष्ट घेतलेली. भाषण नाही, रडारड नाही. रस्ता, वारा आणि स्टिअरिंगवर घट्ट असलेले हात. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींच्या मध्येच हे गाणं लागायचं आणि लोक ते पूर्ण पाहायचे. जाहिरातीच्या जागेत शिरून काय करता येतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

इंडिपॉपचं हे पर्व दशकभर टिकलं नाही. चित्रपट निर्माते प्रदर्शनाआधी गाणी वाहिन्यांवर ओतू लागले आणि त्यांच्या पैशापुढे छोट्या अल्बमचा टिकाव लागेना. २००२ नंतर रीमिक्सची लाट आली. ‘काँटा लगा’ हे १९७२ च्या ‘समाधी’तलं लताबाईंचं गाणं नव्या ठेक्यावर आलं, नाचणारी मुलगी रातोरात प्रसिद्ध झाली, आणि नव्यानं ते गाणाऱ्या गायिकेचं नाव आज शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. गाणारा पुन्हा पडद्यामागे गेला.

मराठीत त्याच सुमारास वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजीबा’ राष्ट्रीय वाहिन्यांवर वाजलं. आपली भाषा त्या पडद्यावर पाहून छाती फुगली होती हे अनेकांना आठवत असेल. पण मराठी म्युझिक व्हिडिओचा खरा संसार वाहिन्यांवर उभा राहिलाच नाही. तो उभा राहिला व्हीसीडीवर. कोळीगीतं होडीत, बंदरावर, लुगड्यांत आणि रुमालांत चित्रित झाली आणि हळदीच्या मांडवात पोचली. भीमगीतांच्या कॅसेट आणि मग व्हीसीडी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात, १४ एप्रिलला गावोगावी विकल्या गेल्या. वामनदादा कर्डकांची परंपरा, प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या घरातला आवाज या मार्गानं दिसू लागला. वर्तमानपत्रांनी यांची परीक्षणं छापली नाहीत. पॅरिसच्या कॅफेतल्या स्कोपिटोनशी याचं नातं मला स्पष्ट दिसतं, आणि म्हणून या पुस्तकात या व्हीसीडींना ‘थ्रिलर’इतकीच जागा दिली आहे.

२००५ मध्ये यूट्यूब आलं आणि वाहिनीच्या दारावरचा पहारेकरी गेला. पुढच्याच वर्षी ओके गो या गटानं आठ ट्रेडमिल मांडून, एकाच सलग चित्रणात, नाच केला. नृत्य गायकाच्या बहिणीनं बसवलेलं. २०१२ मध्ये कोरियन भाषेतलं ‘गंगनम स्टाइल’ एक अब्ज वेळा पाहिलं गेलेलं पहिलं चित्रण ठरलं, आणि दोन वर्षांनी त्याचा आकडा २,१४,७४,८३,६४७ या संगणकीय मर्यादेपलीकडे गेल्यामुळे यूट्यूबला आपली मोजणीच रुंद करावी लागली. नोएडात कॅसेट विकून उभी राहिलेली टी-सीरिज २०१९ मध्ये जगातली सर्वाधिक सदस्यांची यूट्यूब वाहिनी झाली.

पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. हातात एकतारी घेऊन भीमगीत गाणाऱ्या कडुबाई खरातांचं चित्रण कुणीतरी मोबाइलवर टाकलं आणि घरोघर हिंडून गाणारी ही बाई महाराष्ट्रभर ओळखीची झाली. प्रकाशयोजना नाही, संकलन नाही. पण १९२९ च्या बेसी स्मिथप्रमाणे तिचा चेहरा आणि आवाज एकत्र टिकले. २०१९ मध्ये मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटानं आरेच्या पाड्यातल्या प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यात जंगल तोडण्याविरुद्ध बोलणारी माणसं त्याच जंगलात उभी आहेत. २०२४ मध्ये संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ मराठी न समजणाऱ्यांनीही नाचून दाखवली. त्यात तो स्वतः लिहितो, गातो आणि दिसतोही.

पहारेकरी गेला म्हणजे दार सताड उघडलं असं मात्र कुणी समजू नये. आता निवड करणारं गणित आहे आणि ते काय ठरवतं हे आपल्याला दिसत नाही. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिन्याभरात रील्स आली, आणि गाणं १५-३० सेकंदांच्या उभ्या चौकटीत मापलं जाऊ लागलं. संगीतकार आधी नाचाची एक खूण ठरवतात आणि तिच्याभोवती गाणं बांधतात. मला यात धोका दिसतो. ज्या गाण्याला उलगडायला तीन मिनिटं लागतात ते या मापात मरतं, आणि मरताना कुणाला कळतही नाही.

शेवटी वाचकांकडे एक मागणं आहे. भारतातल्या नव्वदच्या दशकातल्या अनेक म्युझिक व्हिडिओंच्या आज मिळणाऱ्या प्रती कुणीतरी टीव्हीवरून घरी टेप केलेल्या, धूसर, कडेला वाहिनीचा शिक्का असलेल्या आहेत. मराठी व्हीसीडींची अवस्था त्याहून वाईट आहे. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, तबकड्यांचा थर सुटतो. यूट्यूबवर गाणं सापडलं तरी खाली छायालेखकाचं, संकलकाचं, नृत्य बसवणाऱ्याचं नाव बहुतेकदा नसतं. तुमच्या माळ्यावर अशी एखादी टेप किंवा व्हीसीडी असेल तर ती भंगारात देऊ नका. तिची डिजिटल प्रत करून घ्या. तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी अशा चित्रीकरणात काम केलं असेल, दिवे धरले असतील, कपडे शिवले असतील, मागच्या रांगेत नाचले असतील, तर गाण्याचं नाव, साल, जागा आणि आठवतील तेवढ्या माणसांची नावं कागदावर लिहून त्या प्रतीसोबत ठेवा.